एका आयपी पत्त्यामागे अनेक घरे: २०१२ च्या निर्णयाची पार्श्वभूमी

राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा दिसतो आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या साइटवर भलताच. घरच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर बाहेरून उघडत नाही म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या उपकरणाकडे वळवणे) करायला बसलेल्या अनेकांची या १०० च्या पत्त्याशी पहिली गाठ पडते ती इथेच. हा पत्ता इंटरनेट कंपनीच्या आतल्या जाळ्यापुरता असतो. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता कंपनीच्या सीजीनॅटवर (अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवणाऱ्या यंत्रणेवर) असतो आणि तो एकाच वेळी बरीच घरे वापरत असतात.

आयपी पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी, हे १९८१ मध्येच ठरले होते. १९९४ मध्ये नॅट (एका पत्त्यामागे अनेक उपकरणे चालवण्याची पद्धत) मांडले गेले ते तात्पुरती सोय म्हणून. कायमचा उपाय असलेल्या आयपीव्ही६ (कितीतरी जास्त पत्ते देणारी नवी पद्धत) चे पहिले मानक १९९५ च्या अखेरीस आले, पण पुढे पंधरा वर्षे बहुतेक कंपन्यांनी चालढकल केली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून झाले. १५ एप्रिलपासून आशिया-पॅसिफिक विभागात रेशनिंग सुरू झाले. भारतात मोबाइल इंटरनेटची मोठी लाट तेव्हा यायचीच होती.

खरा वाद पेटला तो यानंतर. घरातले राउटर १९२.१६८ किंवा १० ची मालिका वापरत होतेच. कंपनीनेही आपल्या जाळ्यात १० चीच मालिका वापरली, तर राउटरच्या दोन्ही बाजूंना सारखेच पत्ते येतात आणि पॅकेट (माहितीचा तुकडा) कुठे पाठवायचे हे त्याला कळत नाही. काही कंपन्या तर दुसऱ्यांच्या नावावरचे, पण वापरात न दिसणारे पत्ते आत बिनदिक्कत वापरत होत्या. म्हणून कंपन्यांनी मागणी केली, की आम्हाला फक्त आमच्यासाठी वेगळी मालिका द्या.

विरोधकांचे म्हणणे साधे होते. पत्ते संपत आलेले असताना ४१,९४,३०४ पत्ते कायमचे बाजूला का काढायचे? सीजीनॅट सोपे केले की आयपीव्ही६ आणखी लांबणार. २४० पासूनची २६ कोटींहून अधिक राखीव पत्त्यांची मालिका वापरा, असेही कुणी सुचवले; पण तिथले पत्ते जुनी उपकरणे सरळ नाकारतात. अखेर एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ही मालिका उत्तर अमेरिकेच्या वाट्यातून काढून जगभरच्या कंपन्यांसाठी खुली झाली.

तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय योग्यच होता. मालिका दिली नसती तरी सीजीनॅट थांबले नसते, गोंधळ मात्र वाढला असता. पण विरोधकांची भीतीही खरी ठरली आणि तिची किंमत ग्राहकाच्या गळ्यात पडली. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट (वेगवेगळ्या जोडण्या ओळखण्याचे क्रमांक) असतात. प्रत्येक ग्राहकाला त्यातले हजारभर दिले, तर साठ-पासष्ट घरे एका पत्त्यावर बसतात. त्यातल्या एकाने स्पॅम पाठवला, की बाकीच्यांना कॅप्चा सोडवत बसावे लागते. २००६ च्या अखेरीस कतारमधली जवळजवळ सगळी रहदारी प्रॉक्सीमुळे (मधल्या सर्व्हरमुळे) एकाच पत्त्यावरून जात होती. एका ऑनलाइन ज्ञानकोशाने तो पत्ता रोखला आणि साऱ्या देशातल्या खाते नसलेल्यांचे संपादन काही तास बंद पडले. ते कारण वेगळे होते, पण एका पत्त्याला एक माणूस समजण्यातला धोका तिथेच दिसला होता.

पोलिस तपासात हा धोका सर्वाधिक गंभीर आहे. नुसत्या आयपीवरून माणूस ठरवला, तर निरपराध शेजारी अडकू शकतो. अचूक वेळ आणि सोर्स पोर्ट (ग्राहकाच्या बाजूचा पोर्ट) मिळाला, तरच कंपनीच्या नोंदींतून नेमके कनेक्शन सापडते. सर्व्हरने पोर्टही नोंदवावा, ही शिफारस २०११ मध्येच झाली होती. २०१७ मध्ये युरोपातल्या पोलिस यंत्रणेने सीजीनॅटविरुद्ध जाहीर तक्रार केली. भारतात २०२१ च्या अखेरीस अशा नोंदी ठेवण्याची मुदत एका वर्षावरून दोन वर्षे झाली. तरीही वेबसर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये आयपी आणि वेळ असते, ग्राहकाचा पोर्ट मात्र मुद्दाम चालू केल्याशिवाय नोंदला जात नाही.