वाघाचा कॉरिडॉर आणि समुद्रातलं जाळं

नागपुरातल्या आमच्या निसर्ग शिबिरात सागरी अभयारण्यं एकमेकांना जोडून त्यांचं जाळं कसं करायचं, यावर बोलणं चाललं होतं. दहावीतल्या एका मुलीने माझ्या नकाशावर पेन्सिलीने पट्टा आखला. खाली मालवण, वर ठाणे खाडी आणि मधला सगळा कोकण किनारा करड्या रेघांनी भरलेला. "सर, वाघांना ये-जा करायला असतो तसा एवढा कॉरिडॉर केला की झालं ना जाळं?"

प्रश्न रास्त होता. विदर्भात वाढलेल्या माणसाला दोन जंगलं म्हटली की मधला पट्टा आधी दिसतो. पण सागरी संरक्षित क्षेत्रांच्या, म्हणजे मासेमारीवर बंधनं असलेल्या समुद्राच्या भागांच्या, जागा ठरवताना तोच पट्टा डोक्यात राहिला, तर जागा चुकतात. शिवाय किनाऱ्यावरचा मच्छीमार धास्तावतो, कारण त्याला ऐकू येतं ते एवढंच की आता सगळा समुद्र बंद होणार.

वाघ चालत जातो. नागझिऱ्याचा 'जय' 2013 मध्ये शेतं, रस्ते पार करत उमरेड-कऱ्हांडल्यात आला. टिपेश्वरचा कॉलर लावलेला 'वॉकर' 2019 मध्ये पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. अशा प्रवासात पायाखालची जमीन सलग लागते. मध्ये एकच कालवा किंवा एकच कुंपण आडवं आलं, तरी वाट तुटू शकते. म्हणून नागपूर-सिवनी रस्ता चौपदरी करताना पेंचच्या पट्ट्यात प्राण्यांसाठी 9 मार्ग ठेवावे लागले. त्यांतले मोठे 750 मीटर लांबीचे आहेत. वरून ट्रक धडधडत जातात आणि खाली मऊ धुळीत चितळांचे खूर उमटलेले असतात. जमिनीवर सगळं लक्ष वाट जिथे सर्वांत अरुंद आहे, तिथे लावायचं असतं.

समुद्रात प्रवास करतं कोण, इथूनच फरक पडतो. प्रवाळातले कितीतरी मासे मोठे झाले की छोट्याशा टापूतच आयुष्य काढतात. दूर जातात ती त्यांची अंडी आणि डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं. ती पाण्याबरोबर वाहतात. प्रवाळाचे डिंभ काही दिवस ते काही आठवडे तरंगतात, शेवंडीचे (लॉबस्टरचे) तर कित्येक महिने. त्यांना मधल्या पट्ट्यातली जमीन लागत नाही. तरंगण्याची मुदत संपायच्या आत खाली बसायला योग्य तळ मिळाला की पुरे. म्हणून मधल्या भागात मासेमारी चालू राहिली, तरी दोन ठिकाणांचा दुवा टिकू शकतो. मच्छीमारांना हे सगळ्यात आधी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग जागा निवडताना बघायचं काय? कॅलिफोर्नियाने 1999 च्या कायद्यानंतर किनाऱ्यावर जाळं उभारलं, तेव्हा तज्ज्ञांनी दोन मापं दिली होती. प्रत्येक क्षेत्र किनाऱ्यालगत किमान 5 ते 10 किलोमीटर लांब असावं, म्हणजे मोठे मासे आतच राहतील. आणि दोन क्षेत्रांत 50 ते 100 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर नसावं, म्हणजे डिंभ पुढच्या क्षेत्रापर्यंत पोचतील. शिवाय खडक, वाळू, प्रवाळ, खारफुटी असा प्रत्येक प्रकारचा अधिवास जाळ्यात यायला हवा आणि तोही एकापेक्षा जास्त ठिकाणी, कारण एका जागी प्रवाळ पांढरे पडून मेले, तर दुसरीकडून बीज येऊ शकतं.

हे नुसतं कागदावरचं नाही. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या केपेल बेटांजवळ शास्त्रज्ञांनी माशांच्या पिल्लांचे आईबाप डीएनएवरून शोधले. 2012 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मासेमारीला बंद असलेला भाग तिथल्या प्रवाळाच्या 28 टक्केच होता, पण अभ्यासलेल्या दोन जातींची जवळपास निम्मी पिल्लं त्याच भागातल्या माशांची होती. त्यातली बरीच बाहेरच्या, मासेमारीला खुल्या असलेल्या पाण्यात जाऊन वाढली.

आता पुन्हा त्या मुलीच्या नकाशाकडे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 चं. दोघांत तीनशेहून जास्त किलोमीटर अंतर. एकीकडे प्रवाळ आणि खडक, दुसरीकडे चिखल आणि खारफुटी. मालवणच्या प्रवाळाचा डिंभ ठाण्याच्या खाडीत पोचला, तरी तिथे त्याला बसायला जागा नाही. म्हणजे ही दोन अभयारण्यं आहेत. त्यांचं जाळं झालेलं नाही, आणि मधे पट्टा आखून होणारही नाही.

आणखी एक गोष्ट जमिनीवर नसते. पेंचहून कान्हाला जाणारी वाट उलटीही चालते, बाराही महिने. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाण्याची दिशाच बदलते: पावसाळ्यात प्रवाह दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. मालवणात जुलैमध्ये सुटलेले डिंभ गोव्याकडे जातील, डिसेंबरमधले रत्नागिरीकडे.

वाघासारखी वाट समुद्रातही काही जण धरतात, हे खरं. ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. अशांसाठी मधलं पाणीही सुरक्षित लागतं: तिथे जाळी कुठली, कधी टाकायची, ते ठरवावं लागतं. तो वेगळा हिशोब आहे. प्रवाळातल्या माशांसाठी जागा निवडताना तो मधे आणू नये.

मुलीने खोडरबर घेतला आणि पट्टा पुसला. देवगडजवळ एक ठिपका दिला, वर आणखी एक. मग बाण काढायला पेन्सिल टेकवली आणि थांबली.

"सर, हा मासा अंडी कुठल्या महिन्यात घालतो?"