आभासी नेटवर्क लॅब : मशीन केवढे, उभारणी कशी, कुठे अडते

शाखेला दुसरी इंटरनेट लिंक जोडायची असो, फायरवॉलचे नियम बदलायचे असोत की राउटरचे सॉफ्टवेअर अपग्रेड करायचे असो, चालू नेटवर्कवर थेट हात घालू नका. त्याच जोडणीची नक्कल एका मशीनवर उभी करा आणि तिथे हवे तितक्या वेळा मोडून पाहा. आम्ही अशा लॅब ईव्ह-एनजी (एका मशीनवर आभासी नेटवर्क चालवणारे सॉफ्टवेअर, पुढे नुसते ‘ईव्ह’) याच्या मोफत कम्युनिटी आवृत्तीवर उभारून देतो. तिच्या एका लॅबमध्ये ६३ नोड, म्हणजे आभासी राउटर, फायरवॉल, पीसी वगैरे, बसतात. दोन-तीन शाखांच्या कार्यालयाला किंवा कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तेवढे पुरतात.

मशीन घेताना आधी रॅम मोजा. व्हायओएस या लिनक्सवरच्या राउटर सॉफ्टवेअरचा राउटर १ जीबीत चालतो, पण व्यावसायिक आभासी फायरवॉलला एकेकाला ४ जीबी किंवा जास्त लागते. ६ राउटर, ४ जीबीच्या २ फायरवॉल आणि अर्ध्या जीबीचे ४ लिनक्स पीसी धरले तर ६ + ८ + २ म्हणजे १६ जीबी झाली, होस्टसाठी, म्हणजे लॅब चालवणाऱ्या मूळ मशीनसाठी, आणखी ४ जीबी वेगळी. म्हणून ३२ जीबीच घ्या. सोबत ८ कोअर आणि ५०० जीबीची एसएसडी. जुनी हार्ड डिस्क नको, कारण सगळे नोड एकदम बूट होताना तीच अडते. एसएसडी असली तरी प्रत्येक नोडला सुरू होण्याआधीचा थोडा विलंब भरून ठेवावा.

मशीनच्या बायोसमध्ये व्हीटी-एक्स (एएमडी असेल तर एसव्हीएम), म्हणजे आभासी मशीन चालवण्याची प्रोसेसरची सोय, चालू हवी. ईव्ह जर व्हीएमवेअरमध्ये आभासी मशीन (व्हीएम) म्हणून चालणार असेल, तर त्या व्हीएमच्या प्रोसेसर सेटिंगमध्येही हा पर्याय टिक करावा लागतो. विंडोजवर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची आभासी मशीनची सोय) किंवा मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा सेटिंग चालू असेल तर तो बहुधा मिळत नाही. मग नोड सुरूच होत नाहीत आणि लोक इमेजला, म्हणजे ज्या तयार डिस्क फाइलवरून नोड चालतो तिला, दोष देतात.

इमेजचे फोल्डर ईव्हच्या ठरलेल्या नावानेच सुरू व्हायला हवे आणि आतल्या डिस्क फाइलचे नावही ठरलेलेच हवे. नोडच्या यादीत एखादे नाव करडे दिसत असेल तर नव्वद टक्के चूक इथेच असते. कॉपी झाल्यावर परवानग्या दुरुस्त करण्याची ईव्हची कमांड चालवायला विसरू नका. व्यावसायिक कंपन्यांच्या इमेज आम्ही देत नाही. त्या तुमच्या परवान्यावर तुमच्याच खात्यातून उतरवाव्या लागतात.

मूळ इमेजला एकदा लॅब जोडली की तिला हात लावू नका. प्रत्येक नोड फक्त स्वतःचे बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहितो आणि बाकी सगळे मूळ इमेजमधून वाचतो. मूळ बदलली की ते सगळे नोड खराब होतात. उबुंटू सर्व्हरच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. एकाच इमेजवरून चार सर्व्हर काढले की चौघांची मशीन-आयडी (सिस्टिमची स्वतःची ओळख) एकच असते, आणि आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी चौघांना एकच आयपी देऊन बसतो. मूळ इमेज तयार करतानाच मशीन-आयडीची फाइल रिकामी करून मग ते मशीन बंद करावे.

आता सर्वांत फसवा मुद्दा. बॅकअप लिंक तपासायला तुम्ही एका राउटरचे पोर्ट बंद करता. खऱ्या केबलवर समोरच्या पोर्टची लिंकही त्याच क्षणी जाते. लॅबमध्ये दोन नोडच्या मध्ये लिनक्स ब्रिज, म्हणजे एक सॉफ्टवेअर स्विच, असतो, त्यामुळे समोरचे पोर्ट चालूच दिसते. समोरचा ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) मग ४० सेकंदांचा डेड टायमर, म्हणजे शेजारचा राउटर गेला असे मानण्याची मुदत, संपेपर्यंत वाट पाहतो, तोवर पिंग अडकलेले. यावरून ‘आमचा फेलओव्हर (बॅकअप लिंकवर जाणे) संथ आहे’ असा निष्कर्ष काढू नका. दोन्ही टोके बंद करा, किंवा बीएफडी, म्हणजे लिंकचा बिघाड झटपट ओळखणारी पद्धत, लावा. दर ३०० मिलिसेकंदांना एक संदेश आणि ३ संदेश चुकले की बिघाड, या हिशेबाने ते एका सेकंदाच्या आत बिघाड ओळखते. मात्र मध्ये सेवा पुरवठादाराचे स्विच असतील तर खऱ्या जागीही हेच घडते, आणि तिथे लॅबने दाखवलेले ४० सेकंद खरे असतात.

ओएसपीएफ एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या जोडणीच्या टप्प्यांवर अडकला तर आधी दोन्ही टोकांचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, पाहा. शेजारचा राउटर अजिबात दिसत नसेल तर दोघांचा राउटर-आयडी (ओएसपीएफमधली राउटरची ओळख) एकच आहे का ते तपासा. कॉन्फिगरेशन कॉपी-पेस्ट केल्यावर हे हमखास होते.

लॅबमधले ‘इंटरनेट’ १९२.०.२.०/२४ या पत्त्यांवर ठेवा, ते उदाहरणांसाठीच राखीव आहेत. बीजीपीसाठी, म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये मार्ग कळवण्याच्या पद्धतीसाठी, ६४५१२ ते ६५५३४ मधले एएस क्रमांक (नेटवर्कचे ओळख क्रमांक) घ्या. लॅब ऑफिसच्या लॅनला ब्रिज (थेट जोडणी) मात्र करू नका. लॅबमधला डीएचसीपी सर्व्हर शेजारच्या टेबलावरच्या पीसीला आयपी वाटू लागतो आणि त्याचे नेट बंद पडते. बाहेर जायचे असेल तर नॅट वापरा, म्हणजे लॅबची सगळी ये-जा होस्टच्याच पत्त्यावरून होते. लॅपटॉपच्या वाय-फायवर ब्रिज तसाही चालत नाही, कारण ॲक्सेस पॉइंट फक्त जोडलेल्या कार्डाचाच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) स्वीकारतो.

वेग मात्र लॅबमध्ये मोजू नका. स्विचची चिप इथे नाही, सगळे पॅकेट तुमच्या प्रोसेसरमधूनच जातात. राउटिंग, नियम, व्हीपीएन, अपग्रेडचा क्रम आणि परत मागे येण्याचा मार्ग, एवढे विश्वासाने तपासता येते.

उभारणीसाठी आम्हाला तीन गोष्टी द्या : जोडणीचा कागदावरचा आराखडा, प्रत्येक उपकरणाची सॉफ्टवेअर आवृत्ती आणि पासवर्ड व की काढून टाकलेली कॉन्फिगरेशन.