तळ्यातलं कोठार वेगळंच असतं

जुनं लाकडी कोठार, समोर तळं आणि वारा पडलेला. अशा जागी एक फोटो ठरलेलाच: वर कोठार, खाली त्याचं प्रतिबिंब. हा फोटो जरा उंच काठावरून काढा आणि घरी आल्यावर उलटा फिरवून पाहा. पाण्यातलं कोठार ही वरच्याची नक्कल नाही. त्यात वळचणीची खालची बाजू आणि वाशांची टोकं जास्त दिसतात, छपराचा उतार कमी दिसतो. कोठारामागून डोकावणारी टेकडी तर पाण्यात बहुधा छपराआडच गेलेली असते.

कॅमेरा पाण्यापासून 3 मीटर उंच असेल, तर प्रतिबिंबात दिसतं ते पाण्याखाली 3 मीटरवरून वर पाहणाऱ्या कॅमेऱ्याला दिसावं तसं. म्हणजे एकाच फोटोत दोन जागांवरून पाहिलेलं कोठार! हाताने काढलेल्या चित्रांत हे बऱ्याचदा चुकतं. वरचं चित्र तसंच्या तसं पालथं घातलेलं असतं.

दुसरा फरक उजेडाचा. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं, तर ते जेमतेम 2 टक्के प्रकाश परत पाठवतं. नजर जितकी तिरपी, तितका पाण्याचा आरसा चांगला. समजा, प्रतिबिंब दिसतं ती पाण्यावरची जागा तुमच्यापासून 10 मीटरवर आहे. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटरवर धरला, तर तिथून सुमारे 40 टक्के प्रकाश परततो. गुडघे टेकून तो अर्ध्या मीटरवर आणला, की 70 टक्क्यांच्या आसपास. महागड्या लेन्सने हे साधत नाही, चिखलात बसल्यानं साधतं. (पँट जुनी घाला.) तरीही प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडं काळपटच राहणार. दोन्ही सारखीच उजळ दिसली, तर फोटोवर नंतर हात फिरलाय, असं मी तरी समजतो.

आधीच करड्या पडलेल्या फळ्या पाण्यात आणखी गडद दिसतात. तो करडेपणा धुळीचा नव्हे. लाकडातलं लिग्निन, म्हणजे त्याचे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं, पावसाने धुऊन जातं आणि वर उरतात फिकट सेल्युलोजचे तंतू.

पोलरायझर फिल्टर मात्र इथे जपून वापरा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन करून पाहिलं, तर तो चकाकी जवळजवळ पुसून टाकतो. तळाचे दगड पाहायचे असतील तेव्हा छान, पण प्रतिबिंबासाठी आलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आणि फोकस. पाण्यावर तरंगणारं वाळकं पान आणि त्याला चिकटून दिसणारा कोठाराचा दरवाजा फोटोत शेजारी-शेजारी असतात, पण एक टिपताना दुसरा धूसर होऊ शकतो. कारण पान 4 मीटरवर असलं, तरी दरवाज्याचा प्रकाश दरवाज्यापासून पाण्यापर्यंत आणि तिथून लेन्सपर्यंत असा सगळा रस्ता तुडवून आलेला असतो. म्हणून फोकस लावायचा तो दरवाज्यावर, पाण्यावर नव्हे.