ऑटिझमची चाचणी सगळ्यांची, की शंका आली त्यांचीच?

हाकेला वळून बघत नाही, नजर देत नाही, बोट दाखवत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात भिंतीवर दिसणारी ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) लक्षणांची ही यादी लिओ कॅनर यांच्या १९४३ सालच्या ऑटिझमवरच्या प्रसिद्ध शोधनिबंधाइतकी जुनी नाही. त्यात अकरा मुलांचं वर्णन होतं, पण इतर मुलांमधून अशी मुलं लहानपणीच कशी हेरायची, हा त्याचा विषय नव्हता. पुढची काही दशकं तर ऑटिझमचं खापर आईच्या 'थंडपणा'वर फोडण्यात गेली.

लवकर ओळखण्याची खरी गोष्ट सुरू होते १९९२ मध्ये, ब्रिटनमध्ये. दीड वर्षाच्या मुलांसाठी तिथे एक छोटी चाचणी तयार झाली. खेळण्यातली किटली आणि कप समोर ठेवायचे आणि मूल खोटाखोटा चहा ओतून देतं का ते पाहायचं. मोठं माणूस जिकडे बघेल तिकडे तेही बघतं का? आणि बोट कशासाठी दाखवतं? बिस्कीट हवंय म्हणून बोट दाखवणं वेगळं, आणि नुसतंच 'ते बघ, विमान!' म्हणून दाखवणं वेगळं. या चाचणीचा भर दुसऱ्यावर होता.

दोन वर्षांनी अमेरिकेतल्या संशोधकांनी पालकांकडून मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या व्हिडिओ फिती मागवल्या. पुढे ऑटिझमचं निदान झालेली अकरा मुलं आणि तसं निदान नसलेली अकरा. बोट दाखवणं, वस्तू उचलून दाखवणं, माणसांच्या चेहऱ्याकडे बघणं आणि हाकेला वळणं, एवढ्या चार गोष्टींवरून दोन्ही गटांतली दहा-दहा मुलं बरोबर ओळखता आली. अभ्यास अगदी लहान, पण त्यातून एक गोष्ट ठळक झाली: या वयातली लक्षणं म्हणजे मूल काहीतरी विचित्र करतंय असं नसतं, अपेक्षित ते करत नाही असं असतं. त्रास न देणारं, आपल्यातच रमणारं बाळ 'गुणी' ठरतं ते यामुळेच.

२००१ मध्ये पालकांनी भरायची २३ प्रश्नांची अमेरिकी प्रश्नावली आली (पुढे प्रश्न २० झाले), आणि २००७ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की १८ आणि २४ महिन्यांच्या प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाचणी व्हावी. इथवर सगळं सुरळीत होतं.

वाद पेटला फेब्रुवारी २०१६ मध्ये. प्रतिबंधक तपासण्यांचे पुरावे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या एका स्वतंत्र तज्ज्ञ समितीने निकाल दिला, की पालकांना किंवा डॉक्टरांना कसलीच शंका नसलेल्या १८ ते ३० महिन्यांच्या मुलांची सरसकट चाचणी करावी की करू नये, हे सांगायला पुरेसा पुरावा नाही. 'करू नका' असं समितीने म्हटलंच नव्हतं, पण बाहेर तसाच अर्थ गेला. समितीचा युक्तिवाद सरळ होता. उपचारांचा फायदा दाखवणारे अभ्यास प्रामुख्याने वयाने थोड्या मोठ्या आणि लक्षणं ठळक असलेल्या मुलांवरचे होते. चाचणीत सापडलेल्या, घरच्यांना शंकाही न आलेल्या मुलांना तेवढाच फायदा होतो, हे कुणी थेट तपासलंच नव्हतं.

विरोधकांचं उत्तर जास्त वजनदार वाटतं. असा अभ्यास करायचा तर चाचणी न झालेल्या मुलांचा एक गट वर्षानुवर्षं नुसता पाहत राहावा लागेल. कोणते आईवडील याला तयार होतील? शिवाय शंका यायला आधी माहिती असावी लागते. शिकलेल्या, चार डॉक्टर ओळखीत असलेल्या घरात ती लवकर येते. बाकीच्यांसाठी सरसकट चाचणी हाच काय तो दरवाजा. प्रश्नावली अचूक नाही हे मात्र मान्य करावं लागतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जवळपास २६ हजार मुलांच्या अमेरिकी पाहणीत, नंतर निदान झालेल्यांपैकी जेमतेम ३९ टक्के मुलं तिने आधी पकडली होती. म्हणजे एकदा 'ठीक आहे' आलं म्हणून कायमचं निश्चिंत राहता येत नाही.

आपल्याकडे हा वाद असा कधी रंगलाच नाही. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बापही चौथ्या वर्षी बोलला' ही घरोघरची वाक्यं आणि 'थोडं थांबून बघू' हा दवाखान्यातला सल्ला यांतच वेळ जातो. अलीकडे त्यात 'मोबाईलमुळे झालंय' याची भर पडली आहे. मोबाईल बंद करायला हरकत नाही. त्या नादात तपासणी पुढे ढकलली जाते, ती हरकत. सरसकट चाचणीच्या बाजूने आपल्या सरकारने मात्र अमेरिकेतल्या वादाच्या आधीच पाऊल टाकलं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत जाऊन मुलं तपासायची, शंका आली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायची, अशी रचना. तपासायच्या तीस बाबींत ऑटिझमही आहे. अर्थात एका दिवसात अख्खी अंगणवाडी उरकताना खोट्या चहाचा खेळ मांडायला सवड किती मिळते, हा प्रश्न उरतोच.

अपंगत्वाच्या दाखल्याचा कायदा त्याहून मागे होता. १९९५ च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या वेगळ्या कायद्यात त्याचं नाव आलं, तरी दाखल्याची अडचण सुटली नाही, आणि कितीतरी पालकांनी मतिमंदत्वाचा दाखला घेऊन वेळ निभावली. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले, त्यात ऑटिझम आला. दाखल्यासाठी वापरलं जाणारं ४० मुद्द्यांचं भारतीय मोजमाप ७० गुणांपासून ऑटिझम धरतं. ते तीव्रता ठरवण्यासाठी आहे. बोट न दाखवणारं दीड वर्षाचं मूल हेरण्यासाठी नव्हे.