फौजी नवरा, फारकत आणि लेकराची खावटी: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

मराठवाड्यात फौजीच्या घरातला वाद बहुतेक वेळा सुट्टीतच उफाळतो. बैठक बसते, दोन्हीकडचे पाहुणे जमतात, शंभर-पाचशेच्या बाँडवर फारकत लिहून नोटरीचा शिक्का मारला जातो आणि फौजी पलटणीत परत जातो. पुढे युनिटमध्ये बायकोचं नाव कमी करायला गेला की क्लार्क विचारतो, कोर्टाचा हुकूमनामा कुठाय? हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडायचं तर घटस्फोट कोर्टच देतं. आमच्यात रूढीने काडीमोड चालते, असं म्हणणाऱ्याला ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. बाँडच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं तर नोकरीच धोक्यात येते. पहिली बायको कायद्याने बायको असताना दुसरी करायला सैन्यात मनाई आहे.

दावा कुठे लावायचा

लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिले, किंवा सामनेवाला जिथे राहतो, तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करता येतो. बायको अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथेही चालतं. म्हणजे केज किंवा उदगीरला माहेरी असलेल्या बाईला नवऱ्याच्या पोस्टिंगच्या गावी जायची गरज नाही. उलट, लेहला ड्युटी आहे म्हणून जवानाला लेहमध्ये दावा लावता येत नाही, दोघं तिथे एकत्र राहिले नसतील तर. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे तिकडे, नाहीतर दिवाणी न्यायालयात जायचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, अर्ज घेत नाहीत.

दोघांचीही तयारी असेल तर परस्पर संमतीचा मार्ग फौजीला सगळ्यात सोयीचा. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं. पहिल्या अर्जानंतर 6 महिन्यांनी दुसऱ्यांदा संमती द्यायची. ही 6 महिन्यांची मुदत कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आहे. ती माफी मिळाली नाही तर पहिली तारीख या सुट्टीत आणि दुसरी पुढच्या सुट्टीत, असं गणित वकिलाशी आधीच बसवून घ्या.

सुट्टी मिळत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेत सोय आहे. जवान आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून भाऊ, वडील, कुणालाही दावा चालवायचा लेखी अधिकार देऊ शकतो. आणि सुट्टी मिळालीच तर आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 32 खाली सुट्टीचं प्रमाणपत्र कोर्टात लावा. शक्य तोवर त्या सुट्टीतच सुनावणी संपवायचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो. गंमत म्हणजे या कलमाबद्दल जवानाला क्वचितच कुणी सांगतं, आणि तो सुट्टीभर नुसत्या तारखा घेत बसतो.

खावटीचे दोन दरवाजे

खावटी म्हणजे पोटगी. तिचा पहिला दरवाजा कोर्टाचा. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या 125 कलमाच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. बायको, लेकरू आणि म्हातारे आईबापही यात मागू शकतात. मूल लग्नातलं की लग्नाबाहेरचं, याने त्याच्या हक्कात फरक पडत नाही. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी मागता येते. 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि खावटी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात. म्हणून अर्ज लांबवला तर नुकसान मागणाऱ्याचंच. थकलेल्या खावटीच्या वसुलीचा अर्जही ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत टाकायचा.

दुसरा दरवाजा पलटणीचा. बायको थेट कमांडिंग ऑफिसरला अर्ज करू शकते. त्यात जवानाचा आर्मी नंबर, रँक, नाव आणि युनिट लिहायचं. सोबत लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, स्वतःचं उत्पन्न किती आणि नवरा कधीपासून पैसे पाठवत नाही याचं प्रतिज्ञापत्र, आणि बँक पासबुकाची प्रत जोडायची. जवानाला कारणे दाखवा नोटीस जाते, त्याचं उत्तर घेतात, मग प्रकरण वर मंजुरीला जातं. लष्कराच्या धोरणानुसार पत्नीसाठी पगार-भत्त्यांच्या 22 टक्के आणि प्रत्येक मुलासाठी 5.5 टक्के, मिळून 33 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. जवानांसाठी ही कपात आर्मी ॲक्टच्या कलम 91 खाली, अधिकाऱ्यांसाठी 90 खाली. लेकराच्या बाबतीत या कलमांतही औरस-अनौरस असा भेद नाही.

हा दरवाजा का महत्त्वाचा, तर आर्मी ॲक्टच्याच कलम 28 मुळे दिवाणी कोर्टाला जवानाचा पगार जप्त करता येत नाही. सातबाऱ्यावरच्या जमिनीला मात्र हे संरक्षण नाही. कोर्टाचा खावटीचा आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत युनिटला आणि रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा.

‘लेकरू माझं नाही’

इथे माणसं सगळ्यात जास्त चुकतात. समजा जवान 10 मे ते 8 जून सुट्टीवर होता आणि 20 फेब्रुवारीला मूल झालं. घरचे बोटं मोजतात: जून ते फेब्रुवारी, आठच महिने! पण सुट्टीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर 286 दिवस भरतात आणि शेवटच्या दिवसापासून 257. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत सरासरी 266 दिवस धरतात, म्हणजे गर्भ राहिल्याची तारीख 30 मेच्या आसपास जाते. तेव्हा गडी घरीच होता. संशयाने नातं तुटायच्या आधी हे गणित कॅलेंडर घेऊन करा.

कायदा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे, जुनं कलम 112. लग्न कायम असताना, किंवा ते मोडल्यावर 280 दिवसांच्या आत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानलं जातं. हे खोडायला एकच वाट: गर्भ राहायच्या काळात दोघांना एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध करणं. फौजीकडे याचे कागद असू शकतात. सुट्टीचा दाखला, मूव्हमेंट ऑर्डर, रेल्वे वॉरंट, त्या काळात कुठे तैनात होता याचं युनिटचं पत्र. बायकोकडे आशाताईने भरलेलं माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो, त्यावर गर्भाचे आठवडे छापलेले असतात. फॅमिली क्वार्टरमध्ये दोघं एकत्र होते अशी नोंद निघाली की हा वाद बहुधा तिथेच मिटतो.

डीएनए चाचणी मागितली की मिळते, हा गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात झालेल्या चाचणीचा निष्कर्ष कायद्याच्या गृहीतकापेक्षा वरचढ मानला. पण 2023 मध्ये, बायकोचे विवाहबाह्य संबंध सिद्ध करायला लेकराला चाचणीत ओढू नका, असं बजावलं. संधी नव्हती याचा पाया आधी घालावा लागतो. मुलाचे केस गुपचूप खासगी लॅबला पाठवून आणलेल्या रिपोर्टवर भिस्त ठेवू नका. चाचणी कोर्टाच्या आदेशानेच करून घ्यायची. बायको व्यभिचारात राहते हे सिद्ध झालं तर तिची खावटी जाऊ शकते, पण त्याने लेकराची जात नाही. नुसता आरोप केला म्हणून अंतरिम रक्कमही थांबत नाही.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. जवान आणि त्यांच्या घरच्यांसाठी जुलै 2025 पासून वीर परिवार सहायता योजनाही सुरू झाली आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

हुकूमनामा झाल्यावर अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची घाई नको. प्रमाणित प्रती तीन-चार एकदमच काढा. एक युनिटला देऊन घटस्फोटाची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीतला बदल अधिकृत करणारा युनिटचा आदेश) करून घ्या, एक रेकॉर्ड ऑफिसला. फंडाचं आणि विम्याचं नॉमिनेशन त्याच आठवड्यात बदला. लेकराचं नाव मात्र नोंदीत तसंच राहतं.