जुन्या संगणकांवरील थिन क्लायंट

थिन क्लायंट म्हणजे पडदा, कळफलक आणि माउस एवढेच सांभाळणारा संगणक. प्रोग्रॅम चालतात ते सर्व्हरवर. हार्ड डिस्क गेलेले किंवा नवे विंडोज न पेलणारे पीसी संगणक कक्षात पुन्हा कामाला लावण्यासाठी ही पद्धत वापरतात. तिच्यासाठीची मुक्त प्रणाली एलटीएसपी २०१९ मध्ये नव्याने लिहिली गेली. तिच्यात पीसी नेटवर्कवरून बूट होतो, पण प्रोग्रॅम त्याच्याच प्रोसेसरवर चालतात. याला फॅट क्लायंट म्हणतात आणि आजच्या ब्राउझरसाठी त्याला किमान २ जीबी रॅम लागते. रॅम त्याहून कमी असेल, तर एक्सआरडीपी किंवा एक्स२गो हे दूरस्थ डेस्कटॉपचे प्रोग्रॅम वापरून सर्व्हरवरचे सत्र उघडणे बरे.

पीसीचा वेग इथे दुय्यम. नेटवर्क कार्डात पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याची सोय, आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास तेच काम करणारा आयपीएक्सई हा मुक्त प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून चालते. ३२ बिट प्रोसेसरवर अडचण वेगळी: उबंटू आणि डेबियन या लिनक्स प्रणालींनी अनुक्रमे १९.१० आणि १३ या आवृत्त्यांपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. पेंटियम ४ चालतो, पण वीज इतकी खातो की फुकट मिळाला तरी महागच पडावा.

सर्व्हरचा हिशेब ब्राउझर धरून करावा. दूरस्थ सत्रांसाठी प्रत्येकी सुमारे १ जीबी आणि सर्व्हरच्या स्वतःसाठी २ जीबी धरल्यास १० जणांना १२ जीबी होते; प्रत्यक्षात १६ जीबी बसवावी. एसएसडी हवीच.

खरी कोंडी केबलवर होते. १०२४ × ७६८ पडद्याची २४ बिट रंगातली, कॉम्प्रेस न केलेली एक चौकट (फ्रेम) सुमारे १९ मेगाबिटची. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे ४७० मेगाबिटच्या वर. १०० मेगाबिटच्या जोडणीवर त्यातल्या जेमतेम पाच पोचतात. लेखन, ईमेल निभावते. पूर्ण पडद्यावरचा व्हिडिओ अडखळतो. म्हणून सर्व्हर ते स्विच (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी) ही जोडणी तरी गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटची असावी. तीच १०० मेगाबिटची असली आणि २० पीसी एकदम सुरू केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला ५ मेगाबिट, म्हणजे साधारण ०.६ मेगाबाइट येते. कॅट ५ई केबल १०० मीटरच्या आत ठेवावी. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. क्रिंपिंगमध्ये, म्हणजे टोकाला प्लग बसवताना, एखादी सुटली की जोडणी मुकाट्याने १०० वर घसरू शकते. वाय-फायवरून जुने पीसी पीएक्सई बूट होत नाहीत.

बूट होताना पडद्यावर पीएक्सई-ई५३ ही चूक दिसली, तर नेटवर्कचा पत्ता मिळाला पण बूट फाइलचे नाव मिळाले नाही. बहुधा उत्तर राउटरच्या डीएचसीपीने (पत्ते वाटणाऱ्या सेवेने) दिलेले असते. राउटरला हात न लावता सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून चालवावा; तो पत्ते न वाटता फक्त बूटची माहिती देतो. ई३२ म्हणजे बूट फाइल पाठवणाऱ्या टीएफटीपी सेवेकडून उत्तर नाही: फायरवॉलमध्ये तिचा यूडीपी ६९ हा पोर्ट खुला आहे का ते तपासावे. ई५१ म्हणजे डीएचसीपीकडूनच उत्तर नाही. केबल ठीक असूनही हे येत असेल, तर मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचमधला स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलचे वेटोळे टाळणारी व्यवस्था, पोर्ट उघडायला ३० सेकंद घेत असतो; क्लायंटच्या पोर्टवर ही वाट पाहणे टाळणारे पोर्टफास्ट हे सेटिंग लावावे. बूट क्रम रोज विसरणाऱ्या पीसीत बहुधा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. मग घड्याळही मागे पडते आणि ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळे नाकारतो.