पावसाने मागे ठेवलेलं धातुक : बेळगावच्या जांभ्याची पार्श्वभूमी

चंदगडहून बेळगावकडे येणाऱ्या रस्त्यावर ताडपत्री बांधलेले, तांबड्या धुळीने माखलेले ट्रक नेहमी दिसतात. त्यांत बॉक्साइट असतं, म्हणजे अॅल्युमिनियमचं धातुक, ज्यातून तो धातू काढतात तो दगड. ते बेळगावजवळ यमनापूरच्या कारखान्यात उतरतं. त्याच रस्त्याकडेच्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. ट्रकमधला दगड आणि भिंतीतला चिरा सख्खी भावंडं आहेत, आणि दोघांनाही पावसाने घडवलंय. आमच्या भागाच्या भूगोलातली ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते, आणि शाळेत ती दोन ओळींत उरकली जाते याचं वाईट वाटतं.

जांभ्याला जगभर ‘लॅटेराइट’ म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकानन याने दिलं. 1800-01 मध्ये म्हैसूर, कानडा, मलबार पालथा घालताना मलबारात अंगाडिपुरमजवळ त्याने लोकांना हा दगड खणताना पाहिलं. खाणीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि उघड्यावर ठेवला की विटेसारखा टणक होतो, हे त्याने टिपलं. विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून 1807 साली ते नाव छापलं गेलं. आमच्या गवंड्यांना हा गुण ठाऊकच होता, म्हणून चिरे काढून काही दिवस वाऱ्यावर ठेवायची रीत आहे. बॉक्साइटचं नाव फ्रान्समधल्या ले बो या गावावरून आलं; 1821 मध्ये प्येर बेर्तिए याने तिथल्या तांबड्या मातीत अॅल्युमिनियम भरपूर असल्याचं दाखवलं.

मूळ खडक मात्र काळा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरला आणि दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. त्यात निम्म्याच्या आसपास सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, आणि अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम व ऑक्सिजनचं संयुग, शेकडा 14 च्या आसपास. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. ते खडकात मुरलं की सोडियम, कॅल्शियम आधी विरघळून जातात आणि खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची केओलिनाइट ही पांढुरकी चिकणमाती होते. पाऊस भरपूर असला आणि पाण्याला खाली निचरा असला तर हळूहळू सिलिकाही निघून जाते. उरतं ते गिब्साइट, म्हणजे पाणी धरलेलं अॅल्युमिनियम. लोखंड हवेने गंजतं, पण विरघळत नाही. त्याची गोएथाइट आणि हेमाटाइट ही पिवळी-तांबडी खनिजं होतात. आपला गेरू त्यांतलाच. बाहेरून काहीही आलेलं नसतं. बाकीचं वाहून गेलं, म्हणून शेकडा 14 चा अॅल्युमिना 45 च्या पुढे जातो. लोखंड जास्त राहिलं तिथे जांभा, अॅल्युमिनियम जास्त राहिलं तिथे बॉक्साइट. एकाच खाणीत हातभर अंतरावर दोन्ही सापडतात.

म्हणूनच बॉक्साइट सपाट माथ्याच्या सड्यांवर मिळतं. बोकनूर-नावगेच्या डोंगरावर मिळतं, पलीकडे चंदगड आणि राधानगरीच्या सड्यांवर मिळतं. माथ्यावर पाणी थांबतं, मुरतं आणि कड्यांतून निसटतं. अशा सड्यावर विहीर खणली की हा सारा क्रम उलगडतो: वर कठीण चिरा, त्याखाली मऊ तांबडं, मग चिकणमाती, आणि तळाला काळा कातळ. खानापूरची कौलं आणि मडकी ज्या मातीवर उभी राहिली, तीही अशाच झिजेची.

आता पूर्वेला अथणी, रायबागला चला. कातळ तोच, पण पाऊस तुटपुंजा. तिथे सिलिका आणि कॅल्शियम मातीतच राहिले, पाण्याने फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी काळी जमीन झाली. एकाच जिल्ह्यात खानापूर तांबडं आणि अथणी काळी, याला मुख्य कारण पाऊस.

मूळ खडकात धातू आधीच साठलेला असेल, तर हीच क्रिया वेगळं रूप घेते. गोव्यात आणि रेडीला लोखंड व सिलिकाचे पट्टे असलेल्या खडकातली सिलिका धुपून श्रीमंत लोहधातुक उरलं. चित्रदुर्गजवळ इंगळधाळला तांब्याच्या गंधकयुक्त धातुकावर हवापाण्याचा परिणाम होऊन मॅलेकाइट या तांब्याच्या खनिजाचा हिरवा रंग चढतो. मँगॅनीजच्या अशा दुय्यम खनिजांत पोटॅशियम अडकलेलं असतं. त्या पोटॅशियमपासून हळूहळू बनत जाणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढता येतं, आणि बळ्ळारीकडच्या सांडूरच्या मँगॅनीजचं ते तीन कोटी वर्षांच्या आसपास निघालं. म्हणजे सड्यांचं काम फार जुन्या, आजच्याहून वेगळ्या हवामानात सुरू झालं.

या भागाची भूशास्त्रीय पाहणी रॉबर्ट ब्रूस फूट याने केली आणि ‘दक्षिण महाराष्ट्र देशा’वरचा त्याचा अहवाल 1876 मध्ये आला. देशभरच्या बॉक्साइटचा आढावा सिरिल फॉक्स याने 1923 मध्ये घेतला. तोवर बॉक्साइटमधून अॅल्युमिना वेगळा काढायची कार्ल बायरची 1888 ची पद्धत जगभर पोचली होती: दळलेलं बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवायचं. गिब्साइट दीडशे अंशांच्या आसपासच विरघळतं, त्यामुळे आमचं धातुक या कामाला सोयीचं. इंडियन अॅल्युमिनियम कंपनीने 1969 मध्ये बेळगावात अॅल्युमिना बनवायला सुरुवात केली. पुढे हा कारखाना हिंडाल्कोकडे गेला. अॅल्युमिना पांढरा शुभ्र निघतो. जांभ्याला रंग देणारं लोखंड विरघळत नाही, ते लाल गाळ होऊन बाहेर टाकलं जातं, आणि तो अल्कलीयुक्त गाळ कुठे ठेवायचा हा प्रश्न जगभरातल्या अशा कारखान्यांपुढे आहे.

मला जास्त काळजी सड्याची वाटते. छिद्राछिद्रांचा जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि पावसाळा सरल्यावरही कड्याच्या पायथ्याच्या झऱ्यांना ते पुरवतो. खाण उघडली की पाणी धरणारा हा वरचा थरच निघतो. खड्डा बुजवून वर झाडं लावता येतात, पण भरावाची माती त्या दगडासारखं पाणी धरत नाही. कणकुंबीच्या डोंगरातून मलप्रभा निघते, आणि तिच्या काठची गावं आजही अशाच झिरपत्या पाण्याने सुरू होणाऱ्या ओढ्यांवर जगतात.